आधी जागा, मग निविदा

मुंबईच्या कुलाबा-वांद्रे-सीप्झ मेट्रोला मंजुरी मिळाली तेव्हा खर्च होता २३,१३६ कोटी. पुढे तो ३७,२७६ कोटींवर गेला. अशा वेळी खापर कंत्राटदारावर फोडणं सोपं असतं. पण गिरगाव-काळबादेवीच्या जीर्ण चाळींखालून बोगदा निघाला की! घोडं अडलं ते गाड्या उभ्या कुठे करायच्या, यावर. २०१९मध्ये आरेत रातोरात झाडं पडली, २०२०मध्ये कारशेड कांजूरमार्गला हलली, तिथे जमिनीवरून केंद्र आणि राज्य कोर्टात भिडले, २०२२मध्ये स्वारी पुन्हा आरेत. अख्खा मार्ग खुला व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडलं. झाडांसाठी रस्त्यावर उतरलेल्यांना आम्ही दोष देणार नाही; हा वाद निविदेआधीच मिटवता आला असता. या अंकातले लेख म्हणूनच यंत्रांपेक्षा फायलींविषयी अधिक बोलतात.