व्हिडिओ लावला की संगणक बंद पडतो



आज एका घरगुती दुखण्याविषयी लिहितो. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आता संगणक आलेला आहे. बहुधा तो जुना असतो. कुणाच्या कार्यालयातून निघालेला, नाहीतर दुकानातून हप्त्याने घेतलेला. त्यावर अर्ज भरता येतात, टायपिंग होते, हिशोब होतो. पण मुलांनी अभ्यासाचा व्हिडिओ लावला की दहा-वीस मिनिटांत पडदा काळा! पुन्हा सुरू करावा, तर पुन्हा तेच.

आमच्या सावंगीच्या घरी गेल्या मे महिन्यात हेच सुरू झाले. थोरली मुलगी स्पर्धा परीक्षेची तयारी करीत होती. शिकवणी वर्गाची फी आम्हाला झेपण्यासारखी नव्हती, म्हणून ती व्हिडिओवरून गणित शिकायची. परीक्षा महिन्यावर आलेली आणि संगणक रोज दोनदा-तीनदा बंद पडे. शेवटी तो रिक्षात घालून वर्ध्याला एका दुकानात नेला. दुकानदाराने पाच मिनिटे पाहिले आणि सांगितले, "मदरबोर्ड गेला. साडेचार हजार लागतील." परीक्षेचे शुल्क आणि जाण्या-येण्याचा खर्च म्हणून बाजूला ठेवलेले पैसे जेमतेम तेवढेच होते. मी संगणक तसाच घरी परत आणला.

मी संगणकाचा जाणकार नाही. बी.कॉम. झालो आणि कारकुनी करतो. पण तेरीज जुळली नाही तर काय करायचे, एवढे मला शिकवलेले आहे. तेरीज जुळत नाही म्हणून कुणी सगळी खातेवही फाडून नवी लिहीत नाही. आधी फरक किती ते पाहायचे. फरकाला नऊने पूर्ण भाग गेला, तर कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली असण्याचा संभव असतो. ५४० च्या जागी ४५० लिहिले, तर फरक ९० येतो. चूक आपली खूण मागे ठेवते, ती खूण वाचायची असते. संगणकालाही हाच न्याय लावून पाहावा असे ठरवले.

एक जुनी वही घेतली आणि तिची रोजकीर्द केली. तारीख, वेळ, काय लावले होते, किती मिनिटांनी बंद पडला आणि कसा बंद पडला, असे पाच रकाने आखले. मुलीला सांगितले, दर वेळी नोंद कर. चार दिवसांत नऊ नोंदी झाल्या. त्या वाचत बसलो असता माझी पत्नी, जी दहावीपर्यंतच शिकलेली आहे, वहीत डोकावून म्हणाली, "सकाळी पाचले तं तास-तास चालते हा. दुपारीच काऊन बंद पडते?"

नऊच्या नऊ नोंदी सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा या वेळेतल्या होत्या! मदरबोर्ड जर गेलाच असेल, तर तो घड्याळ पाहून जात नाही. वर्ध्याच्या मे महिन्यात दुपारी पारा ४५ अंशांवर जातो आणि आमच्या त्या खोलीवर टिनाचे छत आहे. दोष उष्णतेचा असावा, असे तिथेच ध्यानात आले.

आता कुणी विचारील की, टायपिंग करताना का बंद पडत नाही? त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. व्हिडिओ म्हणजे भराभर बदलणारी चित्रे, एका सेकंदाला साधारण पंचवीस ते तीस. मोठ्या आकाराच्या, म्हणजे १०८० च्या एका चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे पावणेएकवीस लाख ठिपके असतात. सेकंदाला पंचवीस चित्रे धरली, तरी पाच कोटींहून अधिक ठिपके झाले. एवढे सगळे साठवणे परवडत नाही, म्हणून व्हिडिओ दाबून, घडी घालून ठेवलेला असतो. तो दाखवताना संगणकाला ती घडी क्षणोक्षणी उलगडावी लागते. हे काम एकतर चित्रांसाठीचा वेगळा भाग करतो, नाहीतर सगळा भार प्रोसेसरवर पडतो. आजकालचे अनेक मोबाइल एच.२६५ नावाच्या २०१३ सालच्या पद्धतीने घडी घालतात. ती उलगडण्याची सोय २०१५ च्या आधीच्या बहुतेक संगणकांत नाही, मग प्रोसेसर एकटाच राबतो. टायपिंग करताना आरामात बसलेला प्रोसेसर व्हिडिओ लावताच हमालासारखा घामाघूम होतो, तो यामुळे.

प्रोसेसर नेहमी खोलीपेक्षा काही अंशांनी जास्त तापलेला असतो. समजा, हा फरक ४५ अंशांचा आहे. हिवाळ्यात खोली २५ अंशांवर असेल, तर प्रोसेसर ७० वर राहील, काही बिघडणार नाही. उन्हाळ्यात खोली ४३ वर गेली, तर तो ८८ वर जाईल. त्यात पंख्यात धूळ साचून हाच फरक ६० झाला, तर बेरीज १०३ होते. बहुतेक प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास आधी आपला वेग कमी करतात आणि तरीही ताप उतरला नाही, तर जळून जाऊ नये म्हणून संगणक बंद करतात. म्हणजे आमचा संगणक बंद पडत होता, ते स्वतःला वाचवण्यासाठी.

मग एका रविवारी गल्लीतल्या आयटीआय झालेल्या मुलाला बोलावले. प्लग भिंतीतून काढला, हात आधी लोखंडी खिडकीला लावला, म्हणजे अंगातील स्थिर वीज उतरून जाते, आणि मग बाजूचे झाकण उघडले. आत पाहतो तो पंख्याखालच्या धातूच्या पट्ट्यांत, ज्याला हीटसिंक म्हणतात, धूळ आणि कापसाच्या तंतूंची गादीच तयार झालेली! वारा जाणार कुठून? शिवाय आम्ही तो संगणक लाकडी कपाटात कोंबून वर विणकामाचे झाकण घातले होते. वस्तूचा मान राखावा म्हणून घातलेल्या त्या झाकणाने तिचा श्वास कोंडला होता.

मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढली. ओले फडके लावू नये. वाऱ्याचा पंप वापरताना पंख्याच्या पात्यात काडी अडकवून ते फिरू देऊ नये. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामध्ये एक लेप असतो, थर्मल पेस्ट. तो वाळून खडूसारखा झाला होता. खरडून, पुसून तांदळाच्या दाण्याएवढा नवा लावला. एक सूचना मात्र जिवाची समजावी. वीज पुरवणारी जी लोखंडी डबी असते, एसएमपीएस, ती कधीही घरी उघडू नका. प्लग काढल्यानंतरही तिच्यात बराच वेळ घातक वीज साठून राहते.

खर्च आला दीडशे रुपये. संगणक कपाटाबाहेर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवला. दोन दिवस भर दुपारी सुरळीत चालला. घरात आनंदीआनंद झाला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा बंद पडला.

तेव्हा माझाही धीर सुटला होता, हे कबूल करतो. दुकानदार खरे बोलला की काय, असे वाटले. पण मुलीने नोंद केलेली होती. बंद पडण्याची वेळ दुपारी एक आणि शेरा होता, 'आईने कूलर लावला तेव्हा'. कूलर आणि संगणक एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर होते. मोटर सुरू होताना क्षणभर जास्त वीज ओढते, दाब खाली येतो आणि जुना एसएमपीएस तो झटका सोसू शकत नाही. तेरजेत कधीकधी दोन चुका असतात आणि एक सापडली की आपण गाफील राहतो. संगणकाचा प्लग भिंतीवरच्या वेगळ्या बोर्डाला लावला. त्यानंतर परीक्षेपर्यंत तो एकदाही बंद पडला नाही. वही मात्र मुलीने शेवटपर्यंत भरली.

तुमच्या घरचे कारण वेगळे असू शकेल. म्हणून आधी तो कसा बंद पडतो ते पाहा. संगणक चालू राहून फक्त व्हिडिओची खिडकी बंद होत असेल, तर दोष त्या फाइलचा किंवा तो दाखवणाऱ्या प्रोग्रामचा असतो. दुसरी फाइल लावून पाहा. मग तीच फाइल व्हीएलसी या प्रोग्रामात लावून पाहा. हा प्रोग्राम पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये सुरू केला, २००१ पासून तो सर्वांना खुला आहे आणि फुकट मिळतो. पडदा गोठून आवाजाची घरघर लागत असेल किंवा निळा पडदा येत असेल, तर चित्रांचा ड्रायव्हर किंवा मेमरी तपासावी. विंडोजमध्ये 'मेमरी डायग्नोस्टिक' नावाची सोय आधीच असते. संगणक न विचारता पुन्हा सुरू होत असेल, तर सिस्टिमच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' सेटिंगमध्ये 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'खाली 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट' असते, त्यापुढची खूण काढा. म्हणजे निळ्या पडद्यावरचा मजकूर थांबून राहील आणि वहीत उतरवून घेता येईल. आणि दिवा गेल्यासारखा एकदम बंद होत असेल, तर उष्णता किंवा वीज यांचा संशय आधी घ्यावा. बंद पडताच लगेच सुरू करून 'डेल' किंवा 'एफ २' हे बटण दाबले, तर बायोसमध्ये बहुतेक संगणक प्रोसेसरचे तापमान दाखवतात. तोच व्हिडिओ ४८० च्या लहान आकारात लावून पाहणे, ही तर बिनखर्चाची परीक्षा आहे. लहान आकारात चालला आणि मोठ्यात बंद पडला, तर भार सोसत नाही हे उघड झाले.

मात्र एका वेळी एकच गोष्ट बदला. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि संगणक चालू झाला, तर चालू का झाला हे कळत नाही आणि पुढच्या वेळी आपण पुन्हा दुकानाच्या दारात उभे राहतो.

अलीकडे आणखी एक कारण सांगितले जाते की, विंडोज १० संपले म्हणून संगणक बंद पडतो. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला, हे खरे. तारीख आपल्याला विसरता येण्यासारखी नाही. पण त्याचा अर्थ सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या मिळणे थांबले एवढाच. त्याने संगणक दुपारी एक वाजता काळा होत नाही.

सगळेच दुकानदार फसवतात, असे माझे म्हणणे नाही. भर दुकानात पाच मिनिटांत त्यांना जे दिसते ते सांगतात. त्यांच्या दुकानात आपला कूलर नसतो आणि टिनाचे छतही नसते. ते आपल्या घरी असते आणि आपल्यालाच पाहावे लागते. मदरबोर्ड खरोखर गेलेलाही असू शकतो. पण तो निष्कर्ष वही भरल्यानंतर काढावा, आधी नाही.

मुलगी परीक्षेला गेली ती त्याच बाजूला ठेवलेल्या पैशांवर. वही अजून संगणकाजवळच खुंटीला अडकवलेली आहे. शेजारची दोन पोरे परवा ती पाहायला मागून गेली, त्यांच्याकडचाही दुपारीच बंद पडतो म्हणे.