लाल दिवा म्हणजे जोश नव्हे

"प्रोसेसर आला आणि कव्वालीतला बेंजो मेला." उर्सच्या महफिलीनंतर, लग्नाच्या मांडवात, चहाच्या टपरीवर हे वाक्य हमखास ऐकू येते. म्हणणारे बहुधा वयाने मोठे आणि कानाचे पक्के असतात. त्यांना झालेला त्रासही खरा असतो. बेंजो टोचतो, खरखरतो, कव्वालाचे शब्द गिळून टाकतो. तक्रार खरी आहे, पण आरोपी चुकीचा पकडला आहे. बहुतेक वेळा यंत्र निर्दोष असते. दोष असतो यंत्राच्या तोंडाशी, इनपुट लेव्हल लावताना दाखवलेल्या बेफिकिरीत. आणि या बेफिकिरीला आपण 'जोश' असे गोंडस नाव देऊन ठेवले आहे. माझे भांडण त्या नावाशी आहे.

ज्यांना हे वाद्य माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपला बेंजो म्हणजे बुलबुल तरंग. अमेरिकन बँजोशी त्याचे नावापुरतेच नाते. त्याचे मूळ जपानमध्ये आहे. नागोया शहरात गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये 'ताइशोगोतो' नावाचे वाद्य बनवले. डाव्या हाताने टाइपरायटरसारख्या कळा दाबायच्या आणि उजव्या हाताने नखीने तारा छेडायच्या. ते वाद्य आपल्याकडे आले आणि इथलेच झाले. बलुचिस्तानात ते बेंजू झाले, मुंबईच्या गल्लीत बेंजो पार्टी झाले, आणि कव्वालीच्या पार्टीत हार्मोनियमच्या शेजारी जाऊन बसले. पुढे त्याला पिकअप लागला आणि पिकअपची वायर गिटारसाठी बनवलेल्या इफेक्ट्स प्रोसेसरमध्ये गेली. झूम, बॉस अशा कंपन्यांनी ही यंत्रे बनवली तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर गिटार होती, बेंजो नव्हता. सोबतच्या इंग्रजी पुस्तिकेत आपल्या वादकाला स्वतःचे वाद्य सापडत नाही. मग तो पुस्तिका बाजूला ठेवतो आणि ऐकीव गोष्टींवर चालतो. ऐकीव गोष्टींत सर्वात पक्की गोष्ट एकच: "लाल दिवा लागेपर्यंत चढव, मगच जोर येतो."

आता या यंत्रात नेमके काय होते ते पाहू. पिकअपमधून येणारी विजेची लहर प्रोसेसर थेट वापरत नाही. तो आधी तिची मोजणी करतो, सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा, आणि प्रत्येक मोजणीचा एक आकडा लिहून ठेवतो. पुढचे सगळे, म्हणजे रिव्हर्ब, डिले, कोरस, कॉम्प्रेसर, या आकड्यांवरचे गणित असते. मोजपट्टीला एक टोक आहे. त्या टोकाला शून्य डेसिबल म्हणतात आणि त्याच्या खालच्या सगळ्या पातळ्या उणे चिन्हाने लिहितात. लहर त्या टोकाच्या वर गेली तर यंत्राकडे लिहायला आकडाच उरत नाही. ते शेवटचाच आकडा पुन्हा पुन्हा लिहिते. लहरीचे गोल डोके सपाट छाटले जाते. यालाच क्लिप होणे म्हणतात. आपल्या भाषेत, आवाज फुटणे.

लाल दिवा लागतो तो हे सांगण्यासाठी, की जे आले त्यातले काही मी लिहू शकलो नाही. यात जोश कुठे आहे? ही तर हरवलेल्या मालाची पावती आहे.

ही छाटणी पहिल्याच पायरीवर झालेली असते, म्हणून पुढे काहीही केले तरी भरून येत नाही. अनेक वादक सांगतात, "इनपुट चढलेले असले तरी कॉम्प्रेसर लावलाय ना, तो सांभाळतो." नाही सांभाळत. प्रोसेसरमधला कॉम्प्रेसर मोजणीच्या नंतर बसतो. त्याच्यापर्यंत आधीच छाटलेली लहर पोहोचते आणि तो तीच छाटलेली लहर हळू करून पुढे देतो. इक्वलायझरचेही तसेच. ट्रेबल कमी करून खरखर झाकता येते, पण तिच्याबरोबर नखीचा ठसका आणि तारेची चमकही जाते.

आणि खरे नुकसान बेंजोचे नाही, शब्दांचे आहे. लहर छाटली की तिच्यात मुळात नसलेले वरचे सूर तयार होतात. बेंजो आधीच उंच पट्टीत बोलणारे वाद्य. हे नवे सूर साधारण २,००० ते ४,००० हर्ट्झच्या पट्ट्यात दाटी करतात. माणसाचा कान याच पट्ट्याच्या आसपास सर्वात तिखट असतो आणि बोलण्यातली व्यंजने ओळखायला हाच पट्टा लागतो. स, श, त, क, ख यांची धार तिथे असते. तिथे बेंजोची खरखर बसली की कव्वालाचा सूर ऐकू येतो पण शब्द कळत नाही. मग साउंडवाला गाण्याचा माइक चढवतो. माइक शिट्टी मारतो. कव्वाल घसा ताणतो. ढोलकवाला स्वतःला ऐकू येत नाही म्हणून थाप वाढवतो. बेंजोवाला आणखी एक काटा पुढे सरकवतो. रात्री घरी जाताना लोक म्हणतात, आजकाल कव्वालीत फक्त गोंगाट उरलाय. ज्या महफिलीत हम्द आणि नात ऐकायला माणसे दुरून आली, तिथे कलाम कोणाच्या कानी पडलाच नाही. सुरुवात कुठून झाली? एका छोट्या लाल दिव्यापासून.

संगीत जायज की नाजायज, हा वाद इथे काढू नये अशी विनंती आहे. ज्यांना ऐकायचेच नाही त्यांच्याशी या लेखाला कर्तव्य नाही. पण जे समाची परंपरा मानतात त्यांना आठवण करून देतो, की जुन्या सूफींनी समासाठी वेळ, जागा आणि सोबतीची माणसे कशी असावीत याचा बारकाईने विचार केला होता. तो सगळा खटाटोप ऐकण्यासाठी होता. ऐकूच येऊ नये अशी व्यवस्था आपण स्वतः करत असू, तर परंपरेचे नाव कोणत्या तोंडाने घ्यायचे?

लाल दिव्याच्या बाजूने तीन दलिली नेहमी दिल्या जातात.

पहिली: उस्ताद असेच करायचे. खरे आहे, आणि त्यांचे त्या काळी बरोबरही होते. टेपवर रेकॉर्डिंग करताना टेपची स्वतःची सरसर एवढी असे, की आवाज चढवून भरावाच लागे. टेप किंवा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर मर्यादेपलीकडे गेला तर तो हळूहळू वाकतो, आवाज थोडा दाटतो, गोडही लागतो. आकड्यांच्या यंत्रात उतार नाही, तिथे थेट भिंत आहे. उस्तादांची नसीहत ज्या यंत्रासाठी होती ते यंत्रच समोर नाही. उस्तादांचा कान घ्यावा. त्यांच्या बटणाची जागा घेऊन काय करणार?

दुसरी: इनपुट कमी ठेवले तर आवाज पातळ होतो, हिस्स येते. ही भीती १६ बिटच्या जमान्यात थोडीफार रास्त होती. एका बिटमागे साधारण ६ डेसिबलचा पल्ला मिळतो. १६ बिटमध्ये ९६ डेसिबल. आजचे बहुतेक प्रोसेसर २४ बिटचे आहेत. कागदावर १४४ डेसिबल, आणि आजूबाजूच्या सर्किटमुळे प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी. तरीही, सर्वात जोरदार टोला उणे १२ वर ठेवला तर २४ पैकी फक्त दोन बिट रिकामे राहतात. बाकीचे २२ भरपूर झाले. जी हिस्स ऐकू येते ती बहुधा पिकअपची, स्वस्त वायरची, किंवा मांडवातल्या दिव्यांच्या वायरिंगची असते. इनपुट चढवले की तीही चढते. हो, इनपुट अगदी तळाला ठेवून शेवटी सगळे वाढवले तर सरसर वाढेल, हे मान्य. पण तळ आणि भिंत यांच्या मधे भरपूर जागा आहे.

तिसरी दलील मला सर्वात जवळची वाटते: खरखर हाच आमचा आवाज आहे. रस्त्यावरच्या बेंजो पार्टीचा तो कडक, दात दाखवणारा आवाज मलाही आवडतो. पण तो हवा असेल तर त्यासाठी प्रोसेसरमध्ये ओव्हरड्राइव्ह आणि डिस्टॉर्शन दिलेले आहे. इनपुट साफ ठेवा आणि आत हवी तेवढी खरखर घाला. ही खरखर तुमच्या हुकुमात राहते. मुखड्याला लावा, शेराच्या वेळी पायाने बंद करा. इनपुटला फुटलेला आवाज मात्र शेराच्या वेळीही फुटकाच राहतो. मिरची भाजीत घालणे वेगळे आणि पाण्याच्या हंड्यात घालणे वेगळे.

मग करायचे काय? फार कठीण नाही.

प्रोसेसरमधले सगळे इफेक्ट बंद करा. बेंजोचा व्हॉल्यूम पूर्ण उघडा. आता घरात वाजवता तसे नको, महफिल रंगात आल्यावर वाजवता तसे, सगळ्या तारांवर जोरदार टोले द्या. छेडलेल्या तारेचा पहिला टोला सरासरी आवाजाहून दहा-पंधरा डेसिबल सहज वर उडी मारतो आणि क्षणात खाली येतो. हळू वाजवून लावलेली लेव्हल म्हणूनच धोका देते. सर्वात मोठा टोला उणे १२ च्या आसपास राहील इतके इनपुट ठेवा. आकडे दिसत नसतील, फक्त दिवा असेल, तर दिवा लागेपर्यंत चढवा आणि मग तो कधीच लागणार नाही इतके खाली आणून आणखी थोडे उतरवा. इनपुटची सोय नसलेली जुनी यंत्रे असतात. तिथे बेंजोचाच व्हॉल्यूम कमी करा. काही यंत्रांत 'पॅड' नावाचा पर्याय असतो, जोरदार पिकअपसाठी तो वापरा. चिकटवलेला पिझो पिकअप असेल तर तो मिक्सरच्या लाइनमध्ये थेट घालू नका, त्याला गिटारसाठी असते तसे एक मेगाओहमच्या घरातले इनपुट लागते, नाहीतर खर्ज गायब होतो.

त्यानंतर एकेक इफेक्ट चालू-बंद करून पाहा. चालू केल्यावर आवाज एकदम वाढत असेल तर त्या इफेक्टची लेव्हल उतरवा. सगळे पॅच एकमेकांच्या बरोबरीला आणा. शेवटी आउटपुट. प्रोसेसरची लाइनची वायर मिक्सरच्या माइकच्या गेनवर आदळली तर तिथे दुसरी भिंत उभी असते. साउंडवाल्याला सांगून तो गेन उतरवून घ्या किंवा डीआय बॉक्स वापरा. आवाज मोठा करायचा तो इथे, शेवटी, स्पीकरच्या बाजूला.

एक खुलासा. काही महागड्या यंत्रांत, उदाहरणार्थ फ्रॅक्टल ऑडिओच्या अ‍ॅक्स-एफएक्समध्ये, इनपुटचे बटण फिरवले तरी आतल्या ड्राइव्हचा जोर बदलत नाही, कारण यंत्र तेवढी भरपाई आपोआप करते. त्यांच्या पुस्तिकेतला 'लाल दिव्याला जरा शिवू द्या' हा सल्ला त्या रचनेसाठी आहे. तो उचलून आपल्या साध्या प्रोसेसरला लावू नये.

हे सगळे तांत्रिक वाटेल, पण यात गरिबाच्या खिशाचा प्रश्न आहे. एक तरुण बेंजोवादक मला म्हणाला, "चाचा, मशीनच बेकार आहे, दुकानदाराने मोठी घ्यायला सांगितलीय, हप्त्यावर देतो म्हणाला." त्याच्या यंत्राचे इनपुट शेवटपर्यंत फिरवलेले होते. ते उतरवल्यावर त्याच यंत्रातून साफ बेंजो वाजला. दुकानदाराने एकदाही तो काटा पाहिला नव्हता. मोहल्ल्यातली अशी किती मुले लग्नसराईची कमाई नव्या डब्यात घालतात आणि तोच लाल दिवा नव्या डब्यावर पेटवतात! यंत्र विकणारा शिकवणार नाही, त्याचा तो धंदा नाही. शिकवायला हवे उस्तादांनी. ते राग शिकवतात, बोल शिकवतात, महफिलीत बसायची तहजीब शिकवतात, आणि वायर लावायची वेळ आली की म्हणतात, "ते पोरांचे काम."

कमिटीवाल्यांनाही सोडता येत नाही. मांडव, फुले, पाहुण्यांच्या शाली, सगळ्याला वेळ असतो. साउंड तपासायला दहा मिनिटे मागितली तर तोंडे वाकडी होतात. वर फर्माईश असते, "आवाज पलीकडच्या नाक्यापर्यंत गेला पाहिजे." पलीकडच्या नाक्यावर कोण कलाम ऐकायला उभे आहे? सूरह लुकमानमध्ये बाप मुलाला आवाज खाली ठेवण्याची नसीहत करतो, हे आपण जुम्याच्या बयानात ऐकतो आणि उर्सच्या रात्री विसरतो.

लाऊडस्पीकर नवा होता तेव्हा आपल्या उलेमांनी एक फार बारीक प्रश्न विचारला होता. स्पीकरमधून येतो तो इमामाचाच आवाज, की त्याची नक्कल? नमाजच्या दुरुस्तीचा मामला होता, म्हणून त्यांनी यंत्र कसे चालते हे जाणकारांना विचारले, आपसात मतभेद केले, लिहिले. आज त्या बहसीला हसणारे पुष्कळ आहेत. मला त्यात यंत्राला समजून घेण्याची सचोटी दिसते. प्रोसेसर तर उघडउघड नक्कल करणारे यंत्र आहे. तो तारेच्या आवाजाचे आकडे लिहितो आणि आपण ते आकडे ऐकतो. नक्कल उतरवतानाच अक्षरे गाळली तर पुढे कितीही सुंदर जिल्द बांधा, मजकूर अपुराच राहणार.

म्हणून यापुढे कोणी म्हणाले, की प्रोसेसरने बेंजो मारला, तर वाद घालू नका. त्यांना उठवून यंत्रापाशी न्या आणि विचारा: दिवा कोणत्या रंगाचा आहे?