पासष्टीची रेघ पुसू नका

वैमानिकांची वयोमर्यादा 65 वरून 67 करा, ही विमान कंपन्यांच्या ‘आयाटा’ या जागतिक संघटनेची मागणी 2025 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे ‘आयकाओ’च्या, मॉन्ट्रियल अधिवेशनात फेटाळली गेली. म्हणून निर्धास्त राहण्याचे कारण नाही. साठीची मर्यादा 2006 मध्ये पासष्टीवर गेली, तेव्हा सोबतचा वैमानिक साठीच्या आतला हवा अशी अट होती. 2014 मध्ये तीही गळाली. अमेरिकेत 67 चा घाट नुकताच घालून झाला. जपानने तर 67 केव्हाच मान्य केले आहे. मागणी पुन्हा येणार, आणि तिला भारतातूनही पाठीराखे मिळणार.

कारण आपल्याकडची तऱ्हा. वैमानिकांना आठवड्याला 36 ऐवजी 48 तास सलग विश्रांती आणि रात्रीची लँडिंग सहाऐवजी दोनच, हे नियम जानेवारी 2024 मध्येच जाहीर झाले होते. तरीही डिसेंबर 2025 मध्ये वैमानिक कमी पडून इंडिगोचे वेळापत्रक कोलमडले, हजारो उड्डाणे रद्द झाली. यावर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) काय केले? नियमातूनच कंपनीला फेब्रुवारीपर्यंत सवलत दिली! माणसे कमी पडली की नियम वाकवायचा, हा पायंडा एकदा पडला की पुढचा नंबर वयाचा.

‘तंदुरुस्त आहे तोवर उडू द्या, दर सहा महिन्यांनी तपासणी होतेच की,’ हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. पण ऑगस्ट 2023 मध्ये नागपूरहून पुण्याचे विमान नेण्यास सज्ज असलेला वैमानिक बोर्डिंग गेटजवळ कोसळला आणि दगावला. वय जेमतेम चाळीस. वयाचा संबंध नाही, असा यातून अर्थ काढणारे निघतील. आम्हाला त्यात वैद्यकीय प्रमाणपत्राची मर्यादा दिसते. सकाळी दहाला, झोप झालेल्या माणसाचा काढलेला ईसीजी पहाटे चारच्या लँडिंगला, धावपट्टीवर पाऊस आणि आडवा वारा असताना, त्याचा हात किती चटकन चालेल हे सांगत नाही. साठीनंतर झोप तुटक होते, रात्रपाळीचा शीण उतरायला वेळ लागतो. त्या वयाच्या माणसाला आणखी दोन वर्षे याच रोस्टरवर ठेवायचे?

अनुभवाचे मोल आहेच. 2009 मध्ये हडसन नदीत विमान उतरवून सर्वांना वाचवणारे कॅप्टन सलनबर्गर यांच्या गाठीशी हजारो तासांचे उड्डाण होते. त्यांचे वय तेव्हा 57 होते, 67 नव्हे. पासष्टीनंतर असे कॅप्टन सिम्युलेटरवर नवे कमांडर घडवू शकतात, आणि टंचाईवरचा खरा उपाय तोच आहे. पण तो वेळखाऊ, खर्चिक. मुदतवाढ फुकट पडते. शिवाय तपासणीत घासाघीस होऊ शकते, कंपनीचा दबाव येऊ शकतो. जन्मतारखेशी कुणाला वाटाघाट करता येत नाही.

तेव्हा पासष्टीची मर्यादा हलणार नाही, हे डीजीसीएने आताच लेखी जाहीर करावे. येत्या पाच वर्षांत किती कमांडर निवृत्त होणार आणि त्यांच्या जागी किती तयार होत आहेत, याचा हिशेब प्रत्येक कंपनीकडून मागवावा. तो जुळत नसेल, तर नव्या विमानांना उन्हाळी वेळापत्रकात जागा देऊ नये.