संधान, सूक्ष्मजीव आणि आपली जबाबदारी

सूक्ष्मजीव हा विषय निघाला की आपल्या वैद्यवर्गात दोन प्रकारचे सूर ऐकू येतात. काहींच्या मते ते सर्वस्वी आधुनिक वैद्यकाचे खाते. आपण दोष-दूष्य पाहावेत, जंतूंशी आपल्याला काय कर्तव्य? दुसरा वर्ग नेमका उलट. चरकाचार्यांनी कृमी वर्णिले, त्याअर्थी संपूर्ण जंतुशास्त्र आपल्या ग्रंथांत पूर्वीच आले होते, असे तो व्याख्यानांतून ठासून सांगतो. दोन्ही भूमिका सोयीच्या आहेत, कारण दोहोंतही पुढे काही शिकण्याचे कष्ट पडत नाहीत.

ग्रंथांत जे आहे ते थोडे नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातील सातव्या अध्यायात कृमींचे वीस प्रकार येतात आणि रक्तज कृमींपैकी काही सूक्ष्मत्वामुळे दिसत नाहीत, असेही म्हटले आहे. या वीसांतून सहज कृमी मुद्दाम वगळले आहेत; ते विकार उत्पन्न करणारे नव्हेत, असा खुलासा टीकाकार चक्रपाणिदत्त करतात. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात सहभोजन, सहशयन, निःश्वास, इतरांची वस्त्रे यांद्वारे एका मनुष्याकडून दुसऱ्याकडे जाणारे औपसर्गिक रोग सांगितले. परंतु हे सारे अनुमान होय. प्रत्यक्ष घडले ते हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या लेवेनहूक या कापडव्यापाऱ्याला, ज्याने स्वतः घासलेल्या भिंगातून पाण्यातील जीव पाहून 1676 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला कळविले. प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोन भिन्न प्रमाणे आहेत, हे आपल्याला तरी कोणी शिकवावयास नको. अनुमान खरे ठरले यात आचार्यांचा गौरव आहेच. त्यासाठी त्यांच्या हाती सूक्ष्मदर्शक देण्याची गरज नाही.

सहज कृमींचा तो उल्लेख आज विशेष अर्थपूर्ण वाटतो. मानवी शरीरात पेशींच्या दहापट जीवाणू असतात, असे अजूनही सांगितले जाते. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या गणनेनुसार प्रमाण जवळजवळ समसमान आहे: सुमारे 38 लक्ष कोटी जीवाणू आणि 30 लक्ष कोटी पेशी. यांतील बहुतेक पक्वाशयात राहतात. न पचलेल्या तंतुमय अन्नावर ते निर्वाह करतात, काही जीवनसत्त्वे निर्माण करतात आणि रोगजनक जंतूंना जागा मिळू देत नाहीत. शरीराबाहेरही त्यांचे काम अखंड चालू असते. नवी मुंबई महानगरपालिकेच्या मलप्रक्रिया केंद्रांत आपल्या वसाहतींचे सांडपाणी शुद्ध होते, ते हवा खेळवून वाढविलेल्या जीवाणूंकडूनच.

तथापि आपल्या व्यवसायाचा सूक्ष्मजीवांशी सर्वांत जवळचा संबंध संधानगृहात येतो, आणि तिकडेच आपले सर्वाधिक दुर्लक्ष आहे. आपल्या शेजारच्या पनवेलला वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी 1872 मध्ये धूतपापेश्वर कारखाना सुरू केला. किण्वन ही सजीवांची क्रिया आहे हे लुई पाश्चरने 1857 पासून मांडावयास सुरुवात केली होती, म्हणजे ते ज्ञान तेव्हा अवघे पंधरा वर्षांचे होते. ते नसतानाही शतकानुशतके आसवारिष्टे उत्तम सिद्ध होत होती, याचे श्रेय विधीच्या काटेकोरपणाला जाते.

अरिष्टात क्वाथ उकळलेला असल्याने त्यातील किण्व, म्हणजे यीस्ट, मरून गेलेले असते. पुढे घातलेली धायटीची फुले आपल्याबरोबर नवे किण्व आणतात. म्हणूनच क्वाथ निवल्याशिवाय धायटी टाकू नये. कढत क्वाथात टाकली तर संधान सुरूच होत नाही आणि कामगार दोष देतो गुळाला. किण्व साखरेचे मद्य व कर्बवायू करते. पात्राच्या तोंडाशी धरलेली पेटती काडी विझते ती या वायूमुळे, आणि संधान पूर्ण झाल्यावर ती जळत राहते. तयार आसवात बहुधा शेकडा 5 ते 10 मद्य असते. तेच औषधातील गुण ओढून घेते आणि तेच त्याला टिकविते. मात्र पात्राची संधी सैल राहून आत हवा खेळू लागली की दुसऱ्या जातीचे जीवाणू त्या मद्याचे आम्ल करतात आणि आसवाचे शुक्त होते. गुडूची किंवा दशमूळ यांचा त्यात काहीही अपराध नसतो.

हल्ली काही ठिकाणी धायटीला फाटा देऊन बेकरीचे यीस्ट वापरतात. शुद्ध किण्व मोजून वापरण्यास माझा विरोध नाही, उलट त्याने प्रत्येक घाणा एकसारखा उतरण्यास मदतच होईल. पण धायटी केवळ किण्वाचे वाहन नव्हे. तिच्यातील कषाय द्रव्यही पाठात अभिप्रेत आहे. ती वगळून पाठाचे नाव तेच ठेवणे ही ग्राहकाची फसवणूक आहे.

चूर्णांची गोष्ट निराळी. तेथे मद्याचे संरक्षण नाही, मुळे मातीतून आलेली असतात, आणि आपल्याकडील पावसाळी हवेत उघड्या पोत्याला चार दिवसांत बुरशीचा वास येऊ लागतो. पोटात घ्यावयाच्या औषधांसाठी भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियाने मर्यादा घातल्या आहेत: ग्रॅममागे एकूण जीवाणू 1 लाखापर्यंत, किण्व व बुरशी 1 हजारापर्यंत, आणि ई. कोलाय, साल्मोनेला यांसारखे रोगजनक मुळीच नकोत. 2000 मध्ये आलेल्या 'शेड्यूल टी'कडे अनेक औषधनिर्माते आजही सरकारी जाच म्हणून पाहतात. मला ही भूमिका समजत नाही. अतिसाराच्या रुग्णाला आपण कुटजाचे चूर्ण देतो. त्या चूर्णातच ई. कोलाय असेल तर चिकित्सा कोणती आणि निदान कोणते?

थोडे चिकित्सकांविषयीही. महाराष्ट्रात 1992 च्या शासकीय अधिसूचनेने आपल्याला आधुनिक औषधे वापरण्याची मुभा दिली आणि आपल्यापैकी बरेच जण सर्दी-पडशालाही प्रतिजैविक लिहितात. सर्दी बहुधा विषाणूंमुळे होते व त्यांच्यावर ही औषधे चालत नाहीत. मरतात ते पक्वाशयातील सहज सोबती, आणि उरतात ते औषधाला न जुमानणारे. अपकर्षण, प्रकृतिविघात आणि निदानपरिवर्जन हा कृमिचिकित्सेचा त्रिविध क्रम पाठ म्हणणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी पाच दिवसांचा कोर्स लिहावा, हे विचित्र आहे.

लहान औषधनिर्मात्याला स्वतःची सूक्ष्मजीव-प्रयोगशाळा परवडत नाही, ही तक्रार मात्र रास्त आहे. म्हणून माझी सूचना अशी की, नवी मुंबई व पनवेल परिसरातील सभासदांनी वर्गणीतून एक सामाईक तपासणी केंद्र उभारावे, एका सूक्ष्मजीवशास्त्र पदवीधराची नेमणूक करावी आणि निदान जून ते सप्टेंबर या काळात प्रत्येक घाण्याचा नमुना तेथे पाठवावा. तोपर्यंत संधानगृहात तापमापक, पी.एच. पट्ट्या आणि घाण्यागणिक नोंदवही या तीन वस्तूंना कोणाचीच सबब चालू नये. पुढील वार्षिक सभेत मी हा ठराव मांडणार आहे. खर्चाचे आकडे सभासदांनी त्यापूर्वी कार्यकारिणीकडे कळवावेत.