गाळा बदला, पण पाटी आपल्याच नावाची ठेवा

दुकान एका गाळ्यातून दुसऱ्या गाळ्यात न्यायचे असले की आपला व्यापारी केवढी काळजी घेतो! माल मोजून भरतो, उधारीची वही स्वतःच्या हाताने नेतो, जुन्या शटरवर नव्या पत्त्याची चिठ्ठी लावतो आणि शेजारच्या पानवाल्यालाही सांगून ठेवतो की गिऱ्हाईक आले तर तिकडे पाठव. हाच व्यापारी आपली वेबसाईट एका सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवर न्यायची वेळ आली की "ते त्या पोराला विचारा, आम्हाला त्यातले कळत नाही" असे म्हणून मोकळा होतो. आमच्या मते इथेच चूक होते. सर्व्हर बदलण्याचे काम कारागिराचे असले तरी त्यातील मालकीचा प्रश्न दुकानदाराचा आहे आणि तो त्यानेच सोडवला पाहिजे.

नगर शहरात फर्निचरचे काम करणारे आमचे एक स्नेही आहेत. ओळखीच्या एका तरुणाने त्यांना वेबसाईट करून दिली. दरवर्षी पैसे दिले, काम चालू राहिले. पुढे सर्व्हरचे भाडे वाढले, साईट उघडायला वेळ लागू लागला, म्हणून ती दुसरीकडे न्यायचे ठरले. तेव्हा कळले की वेबसाईटचे नाव त्या तरुणाच्या नावावर, त्याच्याच ईमेलवर नोंदलेले आहे. तो नोकरीसाठी परगावी गेलेला, फोन नंबर बदललेला. त्याचा शोध लागेपर्यंत नावाची मुदत संपली आणि ते हातचे गेले. बिलबुके, कार्डे, टेम्पोवरचा पत्ता, सारे नव्याने करावे लागले. यात कोणी कोणाला फसवले नव्हते. फक्त लिखापढी झालेली नव्हती.

ज्यांना या गोष्टी नव्या आहेत त्यांच्यासाठी थोडे सांगतो. वेबसाईटचे नाव, म्हणजे डोमेन, ही दुकानाची पाटी. होस्टिंग म्हणजे भाड्याचा गाळा, त्यात आपले फोटो, भावपत्रक आणि गिऱ्हाइकांच्या नोंदी ठेवलेल्या असतात. कोणती पाटी कोणत्या गाळ्याची हे सांगणारी नोंदवही म्हणजे डीएनएस. गाळा बदलताना पाटी बदलावी लागत नाही, नोंदवहीतील एक ओळ बदलली की पुरते. पण ती ओळ बदलण्याचा अधिकार ज्याच्या खात्याला आहे, त्याच्या हातात आपले दुकान असते.

म्हणून प्रत्येक व्यापारी बांधवाने चार गोष्टी आजच पाहाव्यात. डोमेन स्वतःच्या किंवा दुकानाच्या नावावर आहे का? त्याला जोडलेला ईमेल आणि मोबाईल आपला आहे का? होस्टिंगच्या खात्याचा पासवर्ड आपल्याकडे आहे का? आणि साईटची पूर्ण नक्कल, म्हणजे फाईली आणि डेटाबेस दोन्ही, आपल्या घरी किंवा दुकानात आहे का? या चारही प्रश्नांचे उत्तर 'हो' असेल तर सर्व्हर बदलणे हे एका-दोन दिवसांचे काम आहे.

"आमचे बरे चालले आहे, हलवायचे कशाला?" असे काही जण म्हणतील. पण गाळ्याचा मालक कायमचा नसतो. गुगलने छोट्या दुकानदारांना फुकट वेबसाईटची सोय दिली होती. मार्च २०२४ मध्ये ती बंद झाली आणि जुन्या पत्त्यावरून येणाऱ्या गिऱ्हाइकाला पुढे पाठवण्याची व्यवस्थाही १० जून २०२४ पर्यंतच होती. पाटी गुगलची होती, म्हणून ती गुगलबरोबर गेली. दुसरे उदाहरण फ्रान्समधील स्ट्रासबर्ग शहरातले. १० मार्च २०२१ रोजी तेथील ओव्हीएच या मोठ्या कंपनीच्या सर्व्हरच्या इमारतीला आग लागली आणि लाखो वेबसाईट एका रात्रीत बंद पडल्या. ज्यांची नक्कल दुसरीकडे होती ते पुन्हा उभे राहिले. ज्यांची नक्कल त्याच आवारात होती त्यांतल्या काहींचे सर्वस्व गेले. तिजोरी आणि तिची दुसरी किल्ली एकाच खोलीत ठेवू नये, हे आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक होते.

आता हलवण्याच्या रीतीविषयी. पहिला नियम असा की नवा गाळा लावून, झाडून, माल मांडून झाल्यावरच जुना सोडावा. साईट नव्या सर्व्हरवर उतरवून, प्रत्येक पान उघडून पाहून, मगच नोंदवहीतील ओळ बदलावी. या नोंदीला सेकंदांत एक मुदत लिहिलेली असते. ती ८६४०० असेल तर पूर्ण एक दिवस गिऱ्हाईक जुन्या दारावर जात राहते. दोन दिवस आधी ती ३०० करून ठेवली तर हा खोळंबा पाच मिनिटांवर येतो. तरी ४८ तास दोन्ही दारे उघडी धरून चालावे आणि जुना सर्व्हर निदान महिनाभर बंद करू नये. साईटवर ऑर्डर घेत असाल तर नक्कल उतरवताना काही तास ऑर्डर थांबवा, नाहीतर नवी ऑर्डर जुन्या गाळ्यात पडून राहील. दुकानाचा ईमेलही बहुधा त्याच सर्व्हरवर असतो. साईट आली आणि पत्रे मागे राहिली, असे होऊ देऊ नका.

मराठी आणि उर्दू मजकुराची खास काळजी घ्यावी लागते. जुन्या डेटाबेसची लिपीची मांडणी वेगळी असली तर नव्या सर्व्हरवर आपल्या अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे दिसतात. एकदा प्रश्नचिन्हे साठवली गेली की त्यांतून मूळ अक्षर परत निघत नाही. काम करणाऱ्याला आधीच सांगा की यूटीएफ-८ मांडणी जुळवूनच नक्कल उतरव आणि जुनी प्रत पुसू नकोस.

मुहूर्ताचेही सांगतो. रमजानचे शेवटचे दहा दिवस, दिवाळीचा आठवडा किंवा लग्नसराई, जेव्हा कापड बाजारात पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा हे काम काढू नये. मंदीचे दिवस निवडावेत.

आपल्या जिल्ह्यापुरती आणखी एक गोष्ट आहे. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. ज्यांच्या वेबसाईटच्या नावात गावाचे जुने नाव आहे, ते आता नवे डोमेन घेण्याच्या विचारात आहेत. जरूर घ्या. परंतु पाटी बदलणे आणि गाळा बदलणे ही दोन कामे एकाच दिवशी करू नका. काही बिघडले तर दोष कुठे आहे ते कळणार नाही. आणि नवे नाव घेतले म्हणून जुन्याची वार्षिक फी भरायचे थांबवू नका. पुण्या-मुंबईचे किंवा आखाती देशांतले गिऱ्हाईक जुन्या कार्डावरचाच पत्ता टाकणार. त्याला तिथून नव्या पत्त्यावर आपोआप पाठवता येते. फी थांबवली तर ते नाव उद्या तिसराच कोणी घेईल आणि आपले गिऱ्हाईक त्याच्या दारात जाईल.

"व्हॉट्सॲपवर धंदा चालतो, वेबसाईट हवीच कशाला?" असेही विचारले जाते. व्हॉट्सॲप वापरावेच. पण ४ ऑक्टोबर २०२१ रोजी व्हॉट्सॲप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम तिन्ही सुमारे सहा तास ठप्प झाले होते, आणि जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली तेव्हा तिथे जमवलेले गिऱ्हाईक एका दिवसात गेले. परक्याच्या ओट्यावर बसून विक्री करायला हरकत नाही. आपली पाटी मात्र कुठेतरी असावी.

शेवटी दोन शब्द आपल्या तरुण कारागिरांना. दुसऱ्याची वेबसाईट तुमच्या हाती असते ती अमानत म्हणून. काम झाले की नाव त्याच्या नावावर करून द्या, पासवर्ड कागदावर लिहून द्या, नक्कल हातात द्या. ज्याला जाण्याची मोकळीक आहे तोच गिऱ्हाईक विश्वासाने थांबतो. आणि दुकानदारांनी ते मागायला संकोच करू नये. हिशेब आणि लिखापढी चोख असेल तर मैत्रीही टिकते आणि धंद्यात बरकतही राहते.