दोन वर्षांत कळत नाही

यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबच्या शाळेतला बारा-तेरा वर्षांचा मुलगा हॉकीच्या गोलमध्ये उभा केला, तर पहिली दोन वर्षं तो कुणाच्या नजरेत भरणार नाही. टर्फ त्याने पाहिलेलं नसतं. अंगावर पॅड चढवून हलायचं कसं, इथूनच त्याची सुरुवात. असा मुलगा सरकारी क्रीडा प्रबोधिनीत घेतला की निवड करणाऱ्यांवर टीका होते: जागा मोजक्या, पैसा सरकारचा, मग तयार मुलं सोडून हा जुगार कशाला? आणि घेतलाच, तर दोन वर्षांत चमक दिसली नाही की परत पाठवा.

हा पूर्वपक्ष पोकळ नाही. उशिरा चमकलेल्यांच्या गोष्टी सांगितल्या जातात, पण उशीर होऊन कधीच न चमकलेल्यांची गोष्ट कुणी सांगत नाही. एका जागेवर एक मुलगा ठेवला, म्हणजे दुसऱ्याला दार बंद झालं. तेव्हा ‘धीर धरा’ एवढंच उत्तर पुरत नाही.

तरी दोन वर्षांची ही मुदत मला मान्य नाही. ती गोलकीपरच्या कामाशी जुळत नाही. फॉरवर्डची चपळाई सोळाव्या वर्षी दिसते. गोलकीपरला चेंडू सुटण्याआधी मारणाऱ्याचा खांदा आणि मनगट वाचायचं असतं, आणि ते हजारो फटके अंगावर घेतल्याशिवाय येत नाही. भारताचा गोलकीपर श्रीजेश केरळच्या क्रीडाशाळेत आला तो धावायला. लांब उडी आणि व्हॉलीबॉल करून मग तो गोलमध्ये गेला. भारतीय संघात 2006 मध्ये आला, पण जागा पक्की व्हायला पुढे काही वर्षं गेली. टोकियो आणि पॅरिसची कांस्यपदकं तिशी ओलांडल्यावरची.

आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. यवतमाळचा आकाश चिकटे पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला. 2016 मध्ये क्वांतानला आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात श्रीजेश जखमी होता. पाकिस्तानसमोर गोलमध्ये चिकटे उभा राहिला आणि भारत 3-2 जिंकला. तेव्हा तो 24 वर्षांचा होता. पुढच्या वर्षी भुवनेश्वरला बेल्जियमविरुद्धची उपांत्यपूर्व लढत 3-3 अशी सुटली आणि शूटआउटमध्ये त्याने भारताला तारलं. 2018 मध्ये उत्तेजक चाचणीच्या प्रकरणात त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली, हेही खरं. पण त्यावरून त्याची निवड चुकली होती असं ठरत नाही. गोलकीपर म्हणून तो कुठवर पोचला, ते बेल्जियमने पाहिलं आहे.

‘पहिल्या नजरेत जो तयार, तोच सुरक्षित’ हे गृहीतकही तपासलं पाहिजे. बर्फावरच्या हॉकीत, अमेरिका-कॅनडाच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये, अठराच्या आसपासच्या मुलांची क्रमाने निवड होते. 2000 साली सगळ्यांत पहिला निवडला गेला तो गोलकीपर रिक डिपिएत्रो. त्याच निवडीत हेन्रिक लुंडक्विस्ट हा स्वीडनचा गोलकीपर 205 वा आला. डिपिएत्रोला 2006 मध्ये 15 वर्षांचा करार मिळाला. दुखापतींनी त्याला घेरलं, आणि 2013 मध्ये क्लबने पैसे मोजून तो करार संपवला. लुंडक्विस्ट पाच वर्षं स्वीडनमध्येच खेळत राहिला, 2005 मध्ये न्यूयॉर्कला आला आणि 2012 मध्ये लीगचा सर्वोत्तम गोलकीपर ठरला. दुखापत कुणाच्या हातात नसते, हे मान्य. पण जोखीम फक्त हळू वाढणाऱ्यावरच असते, हे म्हणणं या जोडीपुढे टिकत नाही.

आपल्या चाचण्यांतही तोच कल आहे. उंची, 30 मीटर धाव, मेडिसिन बॉलची फेक यांत ज्याचं शरीर लवकर भरलं त्याला आपोआप गुण मिळतात. कॅनडात रॉजर बार्न्सली यांनी 1985 मध्येच दाखवलं होतं की वरच्या संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांचीच गर्दी असते. तेराव्या वर्षी दहा महिन्यांचा फरक गुणवत्तेसारखा दिसतो.

मग मोजायचं काय? मुलगा शेजारच्या मुलापेक्षा किती मागे आहे, हे नव्हे. सहा महिन्यांपूर्वीच्या स्वतःपेक्षा किती पुढे आला, हे मोजायचं. त्याचं वय जन्मतारखेपासून न धरता गोलमध्ये पहिल्यांदा उभा राहिला त्या दिवसापासून धरायचं. पेनल्टी कॉर्नरवर किती चेंडू अडवले, अडवलेला चेंडू परत प्रतिस्पर्ध्याच्या स्टिकवर किती वेळा गेला, याची वही ठेवायची. संथ आणि थांबलेला, यांतला फरक त्या वहीत दिसतो. तीन वर्षांत आकडे हललेच नाहीत, तर त्या मुलाला मोकळं करावं. तिथे मी दया मागणार नाही. ही कसोटी टीकाकारांच्या कसोटीपेक्षा कडक आहे, कारण ती पहिल्या दिवशी चमकलेल्यालाही लागू होते, आणि तो तिथेच अडकला असेल तर तेही दाखवते.

एक गोष्ट या वादात कुणी बोलत नाही. पुण्याचा मुलगा प्रबोधिनीतून बाहेर पडला तर त्याला क्लब आहे, दुसरं टर्फ आहे, पुढच्या वर्षी पुन्हा दिसण्याची संधी आहे. कळंबला परतलेल्या मुलाला यातलं काहीच नाही. त्याची हॉकी त्या एसटीतच संपते. घाईचा निर्णय चुकला, तर पुण्यात तो दुरुस्त होतो, इथे होत नाही. म्हणून तालुक्याच्या गावातून आलेल्या मुलाला काढताना किमान तीन वर्षांची नोंद समोर हवी, आणि ती नोंद त्याच्या आईवडिलांना वाचून दाखवायला हवी.