झुडूप कापल्याचे पैसे

पाऊस सरत आला की भिलाईत ब्रश कटरचा कर्कश आवाज कानी पडू लागतो. रिकाम्या क्वार्टरांची अंगणे, नाल्यांचे काठ, रेल्वेलगतच्या पट्ट्या, गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलेले आणि कधीच न बांधलेले प्लॉट, सगळीकडे माणसाच्या उंचीची झुडपे माजलेली असतात. पोलाद कारखान्यातल्या कायम कामगारांची संख्या गेल्या काही दशकांत घटत गेली तशी टाउनशिपमधली घरे रिकामी होत गेली, आणि माणूस हटला की तिथे काय उगवते हे सांगायला नको. मग एखादा जुना ट्रॅक्टर मागे स्लॅशर लावून येतो, दोन-तीन गडी खांद्याला ब्रश कटर अडकवून कोपरे काढतात, दिवाळीच्या आत जागा लख्ख दिसते आणि पुढच्या श्रावणात पुन्हा होती तशी होते. या फेऱ्याचे खापर कधी ठेकेदाराच्या कामचुकारपणावर फुटते, कधी खटारा यंत्रांवर. माझ्या मते खोट मोजमापात आहे. आपण पैसे देतो ते कापलेल्या क्षेत्राचे. जमीन मोकळी राहिली की नाही, हे कुठल्याही बिलात येत नाही.

हे मोजमाप आले कुठून ते पाहण्यासारखे आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाचे दिल्लीचे दरपत्रक अनेक सरकारी अंदाजपत्रकांचा आधार असते. त्यात ‘जंगल साफ करणे’ अशी एक बाब आहे. माजलेली वनस्पती, गवत, झुडपे आणि जमिनीपासून एक मीटर उंचीवर ३० सेंटिमीटरपर्यंत घेर असलेली झाडे उपटून काढायची आणि निघालेला कचरा साफ केलेल्या जागेच्या हद्दीबाहेर ५० मीटरपर्यंत नेऊन टाकायचा, असे तिचे वर्णन. तिच्या शेजारीच नुसते गवत साफ करण्याची दुसरी, साधी बाब आहे. दोन्हींची मोजणी क्षेत्रफळावर. माळरानावर इमारतीचा पाया खणण्याआधीच्या कामासाठी हे वर्णन अगदी योग्य आहे, कारण तिथे पुढच्या महिन्यात काँक्रीट पडणार असते. पण तीच बाब वस्तीतल्या पडीक जागेला लावली की तिचा अर्थच बदलतो. मुळे उपटली की बुंध्याशी छाटले, हे आठवड्याभराने वरून पाहणाऱ्याला ओळखता येत नाही. ५० मीटर बाहेर म्हणजे शहरात बहुधा दुसऱ्याचा प्लॉट. आणि या वर्णनात दिनदर्शिकेला जागाच नाही. काम जूनमध्ये झाले काय नि नोव्हेंबरात झाले काय, दर तोच. वनस्पतीच्या दृष्टीने मात्र या दोन महिन्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

गाजर गवताचे उदाहरण घ्या. पुण्यात १९५५ च्या सुमारास त्याची नोंद झाली. भिलाईच्या कारखान्याचा सोव्हिएत संघाशी करारही १९५५ च्या फेब्रुवारीतला, म्हणजे हे गवत आणि हे शहर जवळजवळ एका वयाचे. (ते अमेरिकी मदतीच्या गव्हातून आले असे सर्रास सांगितले जाते, पण त्या गव्हाचा पीएल-४८० करार झाला १९५६ च्या ऑगस्टमध्ये.) उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात त्याला फुले येतात, एक झाड हजारो बिया टाकते आणि त्या मातीत काही वर्षे जिवंत राहतात. दिवाळीच्या तोंडावर ते कापायचे म्हणजे बी पडून गेल्यावर चोर गेल्याची फिर्याद नोंदवायची. उलट स्लॅशरची पाती ते बी जागाभर उडवतात, आणि ट्रॅक्टरच्या चाकांना लागलेल्या चिखलातून ते पुढच्या प्लॉटवर जाते. फुलावर आलेले गाजर गवत ब्रश कटरने कापणाऱ्या मजुराच्या अंगावर त्याचा भुगा उडतो तो वेगळाच. त्वचेचे आणि श्वासाचे विकार त्यातून होतात हे वैद्यकात फार पूर्वीपासून नोंदलेले आहे. बेशरमीचे तर आणखी विचित्र. तळ्या-नाल्यांच्या काठी वाढणाऱ्या या झुडपाच्या फांदीचा तुकडा ओल्या जमिनीवर पडला तरी त्याला मुळे फुटतात. पावसाळ्यात तिच्यावर स्लॅशर चालवणे म्हणजे कलमे लावणे. आणि घाणेरी नुसती छाटली तर बुंध्यापासून आधीपेक्षा जास्त फांद्या घेऊन वर येते. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी यासाठी दाखवलेली पद्धत साधी आहे. फुटवे जिथून येतात त्या भागाच्या खाली, जमिनीत काही बोटे आत, मुख्य मूळ तोडायचे आणि झुडूप उलटे करून ठेवायचे. त्याला कुदळ लागते. वरून फिरणारे पाते कितीही वेगवान असले तरी तिथपर्यंत पोचत नाही. तीन वनस्पतींना तीन वेगळ्या वेळा आणि तीन वेगळी हत्यारे लागतात, दरपत्रकात मात्र त्या एकाच ओळीत बसतात.

जमिनीचेही तेच. छत्तीसगडचा शेतकरी मातीची नावे बारकाईने घेतो: काळी चिकण ती कन्हार, पिवळसर ती मटासी, या दोहोंमधली डोरसा आणि मुरमाड लालसर ती भाठा. भाठ्यावर ट्रॅक्टर भर पावसातही फिरतो, पण दगड उडतात. कन्हारवर जुलै-ऑगस्टमध्ये ट्रॅक्टर घातला तर तो रुतून बसतो आणि त्याने पाडलेल्या चाकोऱ्यांत पाणी साचते. म्हणून कन्हारच्या प्लॉटवर पावसाळ्यातले काम हाताने किंवा ब्रश कटरने, फुले यायच्या आत करायला हवे आणि ट्रॅक्टर वाफसा आल्यावर घालायला हवा. हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. निविदेला सांगावे लागते.

माजलेली जमीन यंत्राने मोकळी करण्याचा या भागातला सर्वांत मोठा प्रयोग सात दशकांपूर्वीचा आहे, आणि तोही जुन्या यंत्रांवर सुरू झाला होता. दुसरे महायुद्ध संपल्यावर अमेरिकी सैन्याने मागे टाकलेले ट्रॅक्टर घेऊन केंद्र सरकारने सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन उभी केली. शत्रू होता कास, शरदात पांढऱ्या तुऱ्यांनी डोलणारे देखणे गवत, ज्याने मध्य भारतातली लाखो एकर शेतजमीन गिळली होती. तेव्हा भिलाईचा दुर्ग जिल्हा आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूर होती. सप्टेंबर १९४९ मध्ये जागतिक बँकेने नव्या यंत्रांसाठी १ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. रेल्वेसाठीच्या कर्जानंतरचे ते भारताला मिळालेले दुसरेच. त्या संस्थेच्या अभियंत्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. कास वरून कापून मरत नाही, कारण त्याचे खोड जमिनीखाली फूटभर जाळे विणून बसलेले असते. म्हणून कोरड्या दिवसांत खोल नांगरट करायची, ढेकळांसकट मुळे उलटी पाडायची आणि वैशाखाच्या उन्हाला पुढचे काम करू द्यायचे. त्यानंतर त्या जमिनीत सलग मशागत चालू राहील हेही गृहीत धरलेले होते; नांगरट हे निम्मेच काम. म्हणजे प्रचंड यंत्रे हाताशी असूनही त्यांनी वेळापत्रक उन्हाच्या हाती दिले होते आणि उत्तरार्ध शेतकऱ्याच्या. आजच्या शहरी साफसफाईत यंत्र तेवढे उरले आहे.

नवी यंत्रे घ्या, म्हणजे प्रश्न सुटेल, असे सुचवणारे पुष्कळ असतात. मला ते पटत नाही. स्लॅशरला लागते ती पीटीओवर (जोडलेले अवजार फिरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या दांड्यावर) मिनिटाला ५४० फेऱ्यांची स्थिर गती, आणि पस्तीस अश्वशक्तीचा, वर्षातले थोडेच तास चालणारा जुना ट्रॅक्टर ती सहज देतो. त्याचे सुटे भाग दुर्गच्या बाजारात मिळतात आणि मिस्त्री कोपऱ्यावर असतो. वर्षातून पन्नास-साठ तासांच्या कामासाठी नव्या ट्रॅक्टरचे हप्ते फेडण्यात शहाणपण नाही. जुनेपणाचा खरा धोका वेगळा आहे. पुष्कळ जुन्या ट्रॅक्टरांना लाइव्ह पीटीओ नसतो; क्लच दाबला तरी फिरत्या स्लॅशरच्या जोराने ट्रॅक्टर पुढे ढकलला जातो, आणि समोर झुडपात झाकलेली विहीर किंवा गटार असेल तर एवढे पुरते. त्यावरचा उपाय, एकाच दिशेने जोर देणारी कपलिंग, फार महाग नाही. पीटीओच्या दांड्यावरचे संरक्षक कवच बहुतेक ठिकाणी तुटून गेलेले असते, तेही बसवता येते. ब्रश कटरच्या माहितीपुस्तिकेत १५ मीटरच्या आत दुसरे कोणी नसावे असे लिहिलेले असते, आणि आपल्याकडे तीन जण खांद्याला खांदा लावून कापत असतात. निविदेत ट्रॅक्टरच्या वयाची अट घालण्यापेक्षा या तीन गोष्टी तपासाव्यात.

तणनाशक फवारले की काम स्वस्तात होईल, हा यापेक्षा वजनदार आक्षेप. मजुरीचे गणित मांडले तर तो खराही वाटतो. पण ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर केवळ परवानाधारक कीडनियंत्रकांमार्फतच व्हावा, अशी अधिसूचना केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये काढली, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्येच ते माणसाला बहुधा कर्ककारक ठरवले होते. त्या निष्कर्षावर वाद आहेत, हे मान्य. तरी जिथे मुले खेळतात, गाई चरतात आणि पाणी उतरत उतरत तळ्यात जाते, तिथे वादग्रस्त औषध सैल हाताने फवारण्याचे कारण नाही. शिवाय फवारलेले झुडूप मरते ते उभ्या-उभ्या. मार्चमध्ये त्याला काडी लागली की आग क्वार्टरच्या भिंतीपर्यंत येते. डासांवरही फवारणी हा उपाय नाही. २०१८ मध्ये भिलाईने डेंग्यूची भीषण साथ पाहिली, तेव्हापासून झुडपे म्हणजे डास हे समीकरण लोकांच्या मनात बसले आहे. डेंग्यूचा डास पाने-फांद्यांत अंडी घालत नाही. तो झुडपांत फेकलेल्या टायरांत, कपांत, नारळाच्या करवंट्यांत घालतो. औषधाने वाळलेल्या झुडपाखाली ती करवंटी तशीच राहते आणि स्लॅशरने ती ५० मीटरवर जाते.

निसर्गप्रेमींचा आक्षेप असा की शहरात उरलेली थोडी हिरवळही तुम्ही कापायला निघालात. हा मला सर्वांत जवळचा वाटतो. पडीक जागेतली प्रत्येक वनस्पती तण नसते. बोर, पळस, कडुलिंब आपापले उगवतात, आणि ‘३० सेंटिमीटर घेरापर्यंत’ या एका अटीने नेमके हेच तरुण वृक्ष दरवर्षी मारले जातात. लाख मोलाची रोपे लावण्याचे सोहळे एका बाजूला आणि फुकट आलेल्या पळसावर स्लॅशर दुसऱ्या बाजूला. कामाआधी अशा झाडांना चुन्याचा पट्टा मारण्याची सक्ती केली तर खर्च नगण्य. आणि मोकळ्या केलेल्या जमिनीवर काहीतरी उगवणारच, तर काय उगवावे हे आपणच ठरवावे. मेळघाटातून उठलेल्या गावांच्या शेतजमिनींवर कुरणे तयार झाली ती तण काढून, चांगले गवत वाढू देऊन आणि तण पुन्हा डोके काढील तेव्हा पुन्हा उपटून. जबलपूरचे तण संशोधन संचालनालय गाजर गवताविरुद्ध टाकळ्याची शिफारस करते. टाकळा म्हणजे छत्तीसगडचा चरोटा. त्याची कोवळी पाने इथे भाजीला जातात आणि बी विकले जाते. हिवाळ्यात तोही वाळतो आणि तोही काढावा लागतो, पण तो गाजर गवताला जागा देत नाही.

उरला प्रश्न ठेकेदाराचा. तीन पावसाळे जमीन मोकळी ठेवण्याची जबाबदारी कोण घेईल, आणि घेतलीच तर दर दुप्पट लावणार नाही का? लावेल, कदाचित. पण आज तीच जमीन तीन वर्षांत तीनदा कापायचे पैसे जातातच. पंतप्रधान ग्रामसडक योजनेत रस्ता बांधणाऱ्यावरच पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी असते, आणि ठेकेदार तिथेही मिळतात. पैसे तीन हप्त्यांत विभागले, त्यातला मोठा हप्ता शेवटच्या वर्षाच्या नोव्हेंबरात जागा पाहून दिला, तर मुळासकट उपटण्यात ठेकेदाराचाच फायदा होईल. पहिल्या जुलैत चार बायका जास्त लावून गाजर गवत उपटणे त्याला परवडू लागेल. यंत्र आले म्हणून ज्यांची मजुरी गेली त्यांच्या हाताला नेमके असे काम हवे. अडचण दुसरीकडे आहे. भिलाईत एकाच नाल्याचा एक काठ टाउनशिपचा, दुसरा महापालिकेचा आणि वरचा तुकडा रेल्वेचा असू शकतो. एका काठावर बी पडत राहिले तर दुसऱ्या काठावरचा ठेकेदार तीन वर्षांची हमी देणार नाही, आणि त्याचे चुकतही नाही. म्हणून हा प्रयोग हद्दीवर न करता नाल्यावर करावा लागेल: उगमापासून उतारापर्यंत एक नाला, सगळ्या मालकांची मिळून एक निविदा. आणि ती सप्टेंबरात काढून उपयोग नाही, कारण तेव्हा हाती कापणीच उरते. फेब्रुवारी-मार्चच्या अंदाजपत्रकात ही तरतूद आली, तर एप्रिल-मेच्या उन्हात कासाची नांगरट साधेल आणि पहिल्या पावसानंतरच्या महिनाभरात उपटणीला माणसे लावता येतील.